जागा राखीव, खाट कुणाची?



मागच्या अंकात नेवाडाच्या दाव्यांबद्दल लिहिलं होतं. या वेळी पोरांच्या कॉलेजाबद्दल लिहितो. कुणी म्हणेल, संघटना जमिनीची, मग हा कॉलेजाचा विषय कुठून काढला? तर तो हुपरीहून काढला. हुपरी कुठं आणि आपण कुठं, ते सांगतो.

आपल्या एका पाड्यावरचा पोरगा बारावी शास्त्र पास झाला. नाव लिहीत नाही, त्यानंच नको म्हटलंय. आदिवासींच्या राखीव जागेतून त्याचा नंबर लागला, पण लागला तो पार कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात. धडगाव ते शहादा, शहादा ते धुळे, धुळे ते पुणे, पुणे ते कोल्हापूर. एसटीनं दोन दिवस. जाताना आईनं पायातली चांदीची कडी मोडली. शहाद्याच्या बाजारात सोनारानं वजन केलं, घट धरली, वर थोडी अजून धरली, आणि पैसे हातावर ठेवले. त्यात भाडं, फीची पावती फाडायचे पैसे, एक पेटी, दोन पँटी आणि दोन महिन्यांची खानावळ एवढं बसलं.

जानेवारीत मी एका बैठकीला कोल्हापूरला गेलो होतो. म्हटलं, पोराला भेटून जाऊ. कॉलेजाच्या वसतिगृहात विचारलं तर चौकीदार म्हणाला, त्या नावाचं इथं कुणी राहत नाही. वर्गातल्या एका पोरानं सांगितलं, तो हुपरीला असतो. मग पट्टणकोडोलीवरून जाणाऱ्या एसटीत बसलो.

हुपरी म्हणजे चांदीचं गाव. हातकणंगले तालुका. घराघरात ठोकठोक चालू. कुठं भट्टीवर चांदी आटते आहे, कुठं तार ओढतात, कुठं पत्रा कापतात. उंबऱ्यावर बसून बाया बारीक कड्या एकात एक अडकवतात, मजुरी वजनावर. पैंजण, जोडवी, वाळे, करदोटे, घुंगरं. इथला माल देशभर जातो. आपल्या बायांच्या पायात जे वाजतं त्यातलं कितीतरी इथं घडलेलं असेल. आपल्याला वाटतं चांदी शहाद्याच्या सोनाराकडं उगवते.

पोरगा एका कारखान्यात सापडला. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली. दोन कारागीर डाक लावत होते आणि हा घुंगरं बसवत होता. मला बघून उठला, हात पुसले, "दादा, तुम्ही?" म्हणाला आणि पुढं काही बोललाच नाही. मालकानंच बोलायला सुरुवात केली, "या पाव्हणं, बसा की. कुठनं आलासा? पोरगं गुणाचं हाय तुमचं. पर झोपत न्हाय बघा. काम संपलं की पुस्तक घिऊन बसतंय." चहा आला. माणूस चांगला. त्याच्यावर माझा राग नाही, कुणी उभं करत नव्हतं तेव्हा यानं कामाला ठेवलं.

हिशोब असा निघाला. राखीव जागा मिळाली, पण वसतिगृहात खाट मिळाली नाही. यादी आधीच लागून गेली होती, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. आदिवासी खात्याची वसतिगृहं तेव्हा बहुतेक आपल्या पट्ट्यात होती, तिकडं नव्हती. शिष्यवृत्ती मंजूर आहे, पण तिचे पैसे येणार शिमग्याच्या सुमाराला, आणि खानावळवाला जुलैपासून उभा. कडीचे पैसे सप्टेंबरात संपले. मग कुणीतरी हुपरीचं नाव सांगितलं. सकाळी एसटीनं कॉलेज, संध्याकाळी परत, रात्री अकरापर्यंत घुंगरं. कारागिरांच्या खोलीत तिघांत एक वाकळ. पहिल्या चाचणीत दोन विषय गेले.

आईनं मोडलेली चांदी कुठल्या तरी भट्टीत आटली, आणि पोरगा दुसऱ्या कुणाच्या तरी पायातले घुंगरू बसवत फी भरतो आहे. याला सरकारच्या कागदावर म्हणतात, आदिवासी विद्यार्थ्याला उच्च शिक्षणात प्रवेश दिला.

परतीच्या एसटीत मला एकच गोष्ट टोचत होती. हे घडत होतं ते साध्या जिल्ह्यात नाही. कॉलेजात गोरगरिबाचं पोर टिकतं कशानं, हे देशात ज्यांनी आधी ओळखलं त्यांचा हा जिल्हा.

शाहू महाराजांचं नाव आपल्या सभेत आपण घेतो, फोटोला हार घालतो. पण त्यांनी नेमकं काय केलं, ते आपल्या पाड्यावर कितीजणांना ठाऊक आहे? १८९४ साली कारभार हातात आला तेव्हा दरबारच्या सामान्य कारभारातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ ला, स्वतः विलायतेत असताना, त्यांनी हुकूम काढला की यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांतल्या निम्म्या मागासलेल्या जातींना द्यायच्या. हे सगळे सांगतात. शाळेच्या पुस्तकातही असतं.

पुस्तकात बारीक अक्षरात असतं ते असं, की हुकमाच्या आधी वर्षभर, १९०१ साली, त्यांनी कोल्हापुरात मराठा पोरांसाठी बोर्डिंग उघडलं होतं. जैनांचंही तेव्हाच. पुढं मुसलमानांचं, लिंगायतांचं, शिंप्यांचं, पांचाळांचं. १९०८ ला अस्पृश्य पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दरबारनं जागा दिली, इमारतीला मदत दिली, दरसालची रक्कम लावून दिली. १९२२ साली महाराज गेले तोवर कोल्हापूर बोर्डिंगांचं गाव झालं होतं. आजही त्या शहरात फिरताना गल्लीगल्लीत बोर्डिंगच्या पाट्या दिसतात.

म्हणजे त्या माणसाला कळलं होतं की खेड्यातलं पोरगं शहरात आलं तर पहिला प्रश्न पुस्तकाचा नसतो. भाकरी कुठं आणि पाठ टेकायची कुठं, हा असतो. नुसती नोकरीची निम्मी जागा राखून ठेवली असती, तर तिच्यापर्यंत पोचायला माणूसच तयार झाला नसता. जागा आणि खाट दोन्ही मिळून १९१२ पर्यंत आकडा बदलला. त्याच सामान्य कारभारात ९५ जागा झाल्या होत्या, त्यातल्या ३५ ब्राह्मणांकडे राहिल्या.

यात एक गोष्ट अजून आहे, ती आपल्या उपयोगाची. १८९६ साली महाराजांनी आधी सगळ्या जातींसाठी मिळून एक वसतिगृह काढलं होतं. दार सगळ्यांना उघडं. थोड्याच वर्षांत त्यात ब्राह्मण पोरंच उरली. कुणी पाटी लावली नव्हती की बाकीच्यांनी येऊ नये. चालवणारे ज्यांचे, पोरं त्यांची, एवढंच. ज्याला अर्ज कधी करायचा ते आधी कळतं, ज्याचा मामा त्याच शहरात असतो, त्याची खाट आधी लागते. आमच्या पोराला "यादी लागून गेली" म्हणाले ते हेच. म्हणून महाराजांनी पुढं जातवार बोर्डिंगं काढली. आज त्यावर टीका होते की त्यातून जाती पक्क्या झाल्या. टीकेत तथ्य आहे. पण ज्यांच्या घरात आधीच दिवा आहे त्यांनी ती करताना जरा दबकून करावी.

टीकेला उत्तर देणारा माणूसही त्याच तालुक्यातला. भाऊराव पाटील, कर्मवीर म्हणतात ते, जन्म कुंभोजचा, १८८७ चा. हुपरी आणि कुंभोज एकाच हातकणंगले तालुक्यात. माणगावही त्याच तालुक्यात, जिथं १९२० च्या मार्चमध्ये परिषद भरली आणि शाहू महाराजांनी डॉ. आंबेडकरांना लोकांपुढं आणलं. एका तालुक्यात एवढं सगळं, आणि तिथंच आमचा पोरगा खाटेवाचून.

भाऊरावांनी १९१९ ला कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग. त्यात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका पंगतीत. राजाची तिजोरी पाठीशी नव्हती. धान्य गोळा करायचे, पोरांनी राबायचं, शेत करायचं, स्वतःचं शिजवायचं. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, अंगावरचे दागिने विकले. मंगळसूत्र सुद्धा. १९४७ ला साताऱ्यात त्यांनी कॉलेज काढलं, कमवा आणि शिका या पद्धतीचं.

आपल्या बायका हसतील वाचून. दागिना मोडायला आम्हाला कुणी शिकवायला नको, म्हणतील. पण फरक बघा. लक्ष्मीबाईंचा दागिना गेला त्यात बोर्डिंगातल्या सगळ्या पोरांचं जेवण झालं. आपल्या बाईची कडी गेली ती एका पोराच्या दोन महिन्यांच्या खानावळीत. आणि काम करून शिकण्याचं म्हणाल तर, बोर्डिंगच्या शेतात राबून शिकणं वेगळं आणि रात्री अकरापर्यंत घुंगरं बसवून सकाळी वर्गात पेंगणं वेगळं. पहिल्यात काम शिक्षणाला धरून असतं, दुसऱ्यात काम शिक्षणाला खातं. आता कॉलेजवाले दुसऱ्यालाच "स्वावलंबन" म्हणतात. भाषणात मीही पूर्वी म्हणायचो. हुपरी बघितल्यापासून म्हणत नाही.

आता कागदाचं बोलू, कारण तिथं आपल्या जमिनीशी गाठ पडते.

राज्यात आपल्याला शंभरात सात जागा. १९९१ च्या मोजणीत आपण शंभरात नऊच्या वर होतो. त्याच मोजणीत लिहिता-वाचता येणारे राज्यात शंभरात ६५ होते, आपल्यात ३७, आपल्या बायांत २४. म्हणजे बारावीपर्यंत पोचणारं पोरगं आधीच गाळून गाळून उरलेलं. त्याच्यापुढं जातीच्या दाखल्याची पडताळणी. १९५० च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. आज्याचा शाळेचा दाखला आणा. आज्याच्या वेळी शाळा कुठं होती? जमिनीचा उतारा आणा. वनगावात सातबारा कुठला? आज्या जंगलखात्याच्या जमिनीवर राहिला म्हणून त्याच्या नावाचा कागद नाही, आणि कागद नाही म्हणून नातवाच्या जातीवर शंका. ज्यानं जमीन लिहून दिली नाही त्याच सरकारनं उलट विचारायचं, तुम्ही कोण.

आणि ज्यांना कुणी विचारत नाही ते आडनावाच्या सारखेपणावर आपल्या जागेत बसतात. महादेव कोळी म्हणून दाखला काढून डॉक्टरकीला गेलेल्या हिंदू कोळी कुटुंबाची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. २ सप्टेंबर १९९४ ला निकाल लागला. दावा खोटा ठरला. कोर्टानं पंधरा सूचना दिल्या. पडताळणीला समित्या नेमा. समितीच्या हाताखाली चौकशी पथक ठेवा, पोलीस अधिकाऱ्याच्या देखरेखीत. पथकानं माणसाच्या मूळ गावी जायचं, शाळेचे कागद बघायचे, जमातीच्या रीतीभाती, देवदेव, लग्नमौतीची चाल याची माहिती घ्यायची, आईबापाला आणि जाणत्यांना विचारायचं.

हा निकाल आपल्या बाजूचा आहे. पण नीट वाचला तर त्याला दुसरी धारही आहे. चौकशी कडक झाली की खोटा तर अडेल, पण ज्याचा कागद नाही तो खराही अडेल. खोट्याकडं वकील असतो. आपल्याकडं काय आहे? आपल्याकडं दंडाच्या पावत्या आहेत.

हसू नका. दाव्यांसाठी आपण गेली काही वर्षं पावत्या गोळा करतोय. नाकेदारानं बैल धरले, पावती. झाड तोडलं, पावती. नेवाड पेरलं, पावती. आपल्या म्हाताऱ्यांनी त्या डब्यात, छपराच्या वाशात, पोपडे पडलेल्या पिशवीत जपल्यात. त्यावर आज्याचं नाव आहे, गाव आहे, तारीख आहे. काही पावत्यांवर नावापुढं जातही लिहिलेली मी डोळ्यानं बघितली आहे. नेवाडाचा पुरावा म्हणून जी पावती आपण लावतो, तीच नातवाच्या पडताळणीच्या अर्जालाही लावायची. एकट्या पावतीनं भागणार नाही. गावाच्या शाळेचं सगळ्यात जुनं रजिस्टर, जवळच्या नातेवाइकाला आधी मिळालेला दाखला, आणि म्हाताऱ्यांचे जबाब बरोबर हवेत. चौकशी पथक गावात येईल तेव्हा कोण बोलणार, ते आधी ठरवा. नाहीतर पुढारी बोलतो आणि जाणती म्हातारी मागं बसून राहते. देव कुठला, नवस कशाचा, लग्नात काय चाल, हे पुढाऱ्याला सांगता येत नाही, तिला येतं.

बैठकीत हा विषय काढला तेव्हा एका जुन्या साथीनं सरळ विचारलं, "शिकून गेलेला कुठला परत आलाय? आपण भाकरी घालायची आणि त्यानं सायब होऊन आपल्यावरच दंड मारायचा." मी त्या साथीचा मान ठेवतो, १९७० च्या दशकापासून तो तुरुंगात जाऊन आलेला माणूस. आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. आपल्यातून गेलेले काही जण गावाला बसस्टँडवर ओळख देत नाहीत.

पण मला असं वाटतं की त्यात आपलाही वाटा आहे. जे पोरगं आईच्या कडीवर शिकलं ते आईचं देणं लागतं, गावाचं काय लागतं? गावानं त्याला काय दिलं? नोकरी लागली की तो आधी आईची कडी सोडवणार, मग घर बांधणार, आणि त्याला कुणी नाव ठेवू शकत नाही. ज्याला गावानं, संघटनेनं खाट दिली, त्याला गाव विचारू शकतं. आणि आपल्याला पाहिजेत कोण? दाव्याचे कागद वाचणारा वकील आपलाच असता तर बरं. मोजणीच्या वेळी सर्वेअरच्या नकाशावर बोट ठेवून "हा नाला इथं नाही" म्हणणारा आपलाच असता तर बरं. आज आपण शहरातल्या भल्या माणसांवर चालतो. ते भले आहेत, म्हणून किती दिवस?

पोरींचं तर मी अजून बोललोच नाही. या वर्षी आपल्या भागातून एक पोरगी बारावीला आहे. आई म्हणते, पोरगा हुपरीत कारागिरांच्या खोलीत राहिला, पोरीला कुठं ठेवू? तिला माझ्याकडं उत्तर नव्हतं. खाट नसेल तर पोरगा कसाबसा तग धरतो, पोरगी निघतच नाही.

सरकारकडं मागणी साधी आहे आणि ती येत्या मोर्चाच्या निवेदनात घालावी असं माझं मत आहे. ज्या दिवशी राखीव जागेवर प्रवेश, त्याच दिवशी त्याच गावात खाट आणि जेवण. ते देता येत नसेल तर शिष्यवृत्ती जुलैत हातात द्या, शिमग्याला नको. शिष्यवृत्ती ही कृपा नाही. अस्पृश्य पोरांसाठी १९४४ ला चालू झाली, आपल्याला १९४८ पासून मिळते. इतक्या वर्षांत सरकारला जुलै महिना कुठं येतो ते कळायला हवं होतं. आणि पुण्या-कोल्हापूरकडच्या मोठ्या गावात आदिवासी पोरांसाठी वसतिगृह काढाल तेव्हा त्याच्या समितीत आमची माणसं घ्या. १८९६ चं वसतिगृह आम्हाला आठवतं. विनाअनुदानित कॉलेजं १९८३ पासून निघाली, तिथं देणग्यांचा बाजार आहे. त्यावर लिहायला वेगळा अंक लागेल.

सरकारची वाट बघत बसायचं नसेल तर आपल्यापुरतं एवढं करता येईल. दर पाड्यानं सुगीला ज्वारी किंवा मका कॉलेजाच्या पोरांच्या नावानं काढायचा. धान्य कोल्हापूरला जाणार नाही, विकून पैसे जातील, सप्टेंबरात, कडीचे पैसे संपतात तेव्हा. पन्नास पाड्यांनी दिलं तर या वर्षी बाहेर असलेल्या चार पोरांची खानावळ शिष्यवृत्ती येईपर्यंत निघते, असा मी आणि आपल्या खजिनदारानं हिशोब घातलाय. शिष्यवृत्ती आली की पोरानं पैसे परत करायचे, पुढच्या पोरासाठी. हिशोब दर अंकात छापू.

हुपरीच्या पोराला मी संघटनेच्या पेटीतून तीनशे रुपये देऊन आलो. बैठकीला न विचारता दिले, ते इथं लिहून ठेवतो. त्यानं फेब्रुवारीपासून रात्रीचं काम बंद केलं आहे. राहिलेल्या दोन विषयांची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

पुढची बैठक अमावस्येनंतरच्या बाजारच्या दिवशी, नेहमीच्या जागी. ज्यांच्या घरात बारावीला पोरगा-पोरगी आहे त्यांनी यावंच. येताना आज्या-पणज्याच्या नावाच्या पावत्या आणा, फाटलेल्या असल्या तरी आणा. मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका, साहेबाच्याही नाही, माझ्याही नाही. समोर बसून नक्कल करून घेऊ आणि मूळ परत घेऊन जा.